बोल्ट दोनदा का आवळायचा

दादा, तुझा पान्यांचा डबा मी रिकामा केला, रॉकेलनं पुसला आणि पाने मापाप्रमाणे लावून ठेवले. तू असतास तर म्हणाला असतास, "कमे, हा माझा डबा हाय, तुझ्या दवाखान्यातला ट्रे न्हाई." असेल. पण आता चौदाचा पाना मागितला की पहिल्याच खेपेला हाताला लागतो. तुझ्या हयातीत तो कायम शेवटी सापडायचा.

तू जाऊन तीन आठवडे झाले. माणसं येऊन गेली. तू किती चांगला होतास हे सगळ्यांनी मला सांगितलं, मी सगळ्यांना चहा दिला. रडायचं तेवढं रडून झालं. गेल्या सोमवारपासून मी कामावर जाते आहे. आखाडा बाळापूरच्या बायका माझ्या दुःखासाठी बाळंतपण पुढं ढकलत नाहीत. आज लिहायला बसले ती एका गोष्टीसाठी. सहा वर्षं आपण दोघांनी मिळून एक काम केलं आणि त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. त्या कामात एक मोठी चूक झाली. ती माझी होती, आणि ती तू तुझी म्हणून सांगितलीस. ते तसंच ठेवून मला म्हातारं व्हायचं नाही.

सुरुवात झाली डॉक्टरांच्या गाडीपासून. आपले गुरांचे डॉक्टर, साताऱ्याकडचे, बोलायला फटकळ. त्यांच्या मेव्हण्याला जहाजावर नोकरी. त्यानं कुठून तरी ती जपानी मोटारसायकल आणून ह्यांच्या गळ्यात घातली होती. तालुक्यात तशी दुसरी नव्हती. बाकीच्या गाड्या तू झोपेतही खोलल्या असत्यास, पण हिचं पोट निराळं निघालं. आत एक बारीक चेन. खालचं चाक फिरलं की ती चेन इंजिनच्या डोक्यातलं चाक फिरवते आणि त्याच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. वापरून वापरून चेन लांबते, म्हणून तिला बाजूनं एका पट्टीनं दाबून धरावं लागतं. त्या गाडीत पट्टीमागं स्प्रिंग होती, ती आपोआप दाबायची. स्प्रिंग थकली, आणि गाडी पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखी वाजायला लागली.

तू स्प्रिंग काढलीस आणि तिच्या जागी हातानं आवळायचा बोल्ट करायचं ठरवलंस. वरून चेकनट मारला की बोल्ट जागचा हलणार नाही. डॉक्टर हसले.

"मिस्त्री, ज्यांनी गाडी बनवली त्यांनी स्प्रिंग घातली, ती काय वेड लागलं म्हणून?"

"त्यायची स्प्रिंग चांगलीच हाय साहेब. पण थकलेली स्प्रिंग किती दाबून राहिली ते आपल्याला भायेरून दिसत न्हाई. बोल्ट किती आत गेला ते मला दिसतं."

पहिला बोल्ट तू नांदेडच्या लेथवरून करून आणलास तो जाड आट्यांचा. पाव फेरा दिला की ढिली चेन एकदम घट्ट. तो तू फेकला नाहीस, खिडकीला अडसर म्हणून लावलास, अजून आहे. दुसरा बारीक आट्यांचा करून घेतलास. त्याचा पाऊण फेरा दिला तरी चेन थोडीशीच ताणायची. त्याचं टोक गोल करून तेलाच्या दगडावर दोन दिवस घासत बसलास, तेव्हा वैनी म्हणाली, "एवढ्यात माझी चार पातेली उजळली असती." मी विचारलं, एवढं गुळगुळीत कशाला? तू सांगितलंस, टोक खरखरीत राहिलं तर पट्टीत रुतून बसंल, मग बोल्ट फिरंल अन् पट्टी हलणार न्हाई. पटलं. तुझी कामातली कारणं मला नेहमी पटायची. कामाबाहेरची फारशी नाही.

माझं रविवारचं ठरलेलं होतं. आठवड्याची ज्वारी आणि सूप घेऊन मी तुझ्याकडे यायचे. तुझ्या अंगणात कडुनिंबाची सावली आणि वारा होता. माझ्या क्वार्टरला दोन्ही नाही. तसल्याच एका रविवारी तू गॅरेजच्या दारात उकिडवा बसून तो बोल्ट पहिल्यांदा लावत होतास. गाडी चालू होती. तू बोल्ट आत घेत गेलास तसा फुटाण्यांचा आवाज कमी झाला, मग थांबला. मला वाटलं, झालं. पण तू फिरवतच राहिलास. जरा वेळानं गाडीतून बारीक, उंच सूर निघायला लागला. तरी तू फिरवतोच आहेस.

मला मोटारसायकलीतलं काही कळत नव्हतं. पण पोटुशी बाईच्या पोटावर लाकडी नळी टेकवून बाळाचे ठोके ऐकण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. नको तो आवाज मला लगेच कळतो.

"दादा, गाडी आता रडून राहिली," मी म्हणाले.

तू मान वर केलीस आणि माझ्या ओठांकडे पाहिलंस. मग बोल्ट मागं घेतलास. सूर गेला. "कुठवर जातं ते बघत होतो," म्हणालास.

तिथंच मला कळलं. धरणाच्या कामावर दगड फोडायच्या मशीनजवळ तू बारा वर्षं काढलीस. हाक तुला ऐकू यायची, समोरासमोरचं बोलणं यायचं, ट्रकचा भोंगाही यायचा. बारीक आवाज तेवढे गेले होते. आणि ह्या गाडीचं सगळं दुखणं बारीक आवाजात होतं. चेन ढिली राहिली तर ती वाजते आणि एक दिवस चाकाचा दात सोडते. फार घट्ट झाली तर सूर धरते आणि स्वतःही झिजते, पट्टीही खाते. मधली जागा कानानंच शोधावी लागते.

मी आडून विचारणारी नाही. पुढच्या आठवड्यात सरळ म्हणाले, "दादा, नांदेडला जाऊन कान दाखवून येऊ. एका दिवसाचं काम हाय."

"कानाला काय झालं? माझ्या गाड्या चालून राहिल्या न्हाई का?"

"अन् उद्या न्हाई चालल्या तर?"

तू हात पुसायचं कापड खांद्यावर टाकलंस. "कमे, मिस्त्री बहिरा झाला असं एकदा बाजारात झालं ना, तर गाडी सोड, सायकलबी कुणी आणायचं न्हाई माझ्याकडं. तू चहा पी."

मी चहा प्यायले. तुझं काम हीच तुझी जागा होती, ती मला घालवायची नव्हती. कानाचा विषय तिथं संपला.

पुढच्या रविवारी येऊन बघते तर डॉक्टरांची गाडी दारात नव्हती, कडुनिंबाखाली होती. माझ्या बसायच्या दगडापासून चार हातांवर. "आत उकडून राहिलं," तू म्हणालास. थंडीचे दिवस होते. वैनी शेकोटीपाशी बसली होती.

काय चाललंय ते दोन-तीन रविवारांनी माझ्या लक्षात आलं. मी पाखडत असायचे, तू बोल्ट आत घेत असायचास. चेनचा आवाज थांबतोय असं वाटलं की नीट ऐकण्यासाठी माझा हात आपोआप थांबायचा. माझा हात थांबला की तुझा पाना थांबायचा. तू इंजिनकडे बघतच नव्हतास. तू माझ्या सुपाकडे बघत होतास. मी काही म्हणाले नाही, तूही नाही. फक्त त्यानंतर कितीही काम असलं तरी माझा रविवार चुकला नाही. ज्वारी शुक्रवारीच निवडून झाली असली तर तीच पुन्हा घेऊन यायचे.

मग कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवाल्यानं तसलीच जुनी गाडी आणली, नंतर हिंगोलीहून एक आली. "बाळापूरच्या मिस्त्रीचा कान लय बारीक," असं लोक म्हणायचे. तू मान खाली घालून हात पुसत राहायचास. मी खडे निवडत राहायचे.

आता त्या दिवसाचं सांगते. डॉक्टरांना कुरुंद्याला जायचं होतं, एक बैल पडला होता. घाईनं आले, आवाज येतोय म्हणाले, आणि तू लगेच पाना घेऊन बसलास. ते तुझ्या मागंच उभे. मी पाखडत होते. चेन वाजत होती, अजून बरीच वाजत होती, आणि माझ्या सुपात ज्वारीतून काळा विंचू वर आला.

माझे हात जागच्या जागी थांबले.

मी सूप उपडं केलं, चपलेनं विंचू मारला. एवढ्यात तुझा चेकनट आवळून झाला होता. तू उभा राहिलास आणि डॉक्टरांना म्हणालास, "घ्या साहेब, बराबर झाली." गाडी चालूच होती आणि मला ती ऐकू येत होती. फुटाणे. "दादा, अजून वाजून राहिली," एवढंच म्हणायचं होतं. पण डॉक्टर तिथं होते. त्यांच्यासमोर मी ते म्हटलं असतं, तर मिस्त्रीला समोरचा आवाजही ऐकू येत नाही हे त्यांना कळलं असतं. ते बाहेर पडले की तुला सांगेन, असं मी ठरवलं. ते गाडीवर बसले आणि थेट रस्त्याला लागले.

कुरुंद्याच्या अलीकडे चेननं दात सोडला. गाडी बैलगाडीत घालून परत आली. व्हॉल्व्ह वाकलेले. डॉक्टर पुढं कुणाच्या तरी सायकलवरून गेले, बैल उठला, तेवढं बरं झालं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी इंजेक्शनच्या सुया उकळायच्या सोडून तुझ्याकडे आले होते. सांगायलाच आले होते.

"मिस्त्री, स्प्रिंग असती तर हे झालं नसतं," डॉक्टर म्हणाले.

"व्हय साहेब," तू म्हणालास. "बोल्टाची चूक न्हाई, माझी हाय. मी ढिली सोडली. गाडी मी उभी करून देतो. तुमी स्प्रिंग मागवा, मी माझ्या हातानं बसवतो."

मी तिथंच होते. तोंड उघडलं असतं तर विंचू, सूप, तुझे कान, सगळं एका वाक्यात बाहेर आलं असतं. मी तशीच दवाखान्यात परत गेले. नंतरही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता तू इंजिन खोललंस, दुसऱ्या गाडीचे व्हॉल्व्ह घासून मापात आणलेस, आणि गाडी तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कडुनिंबाखाली उभी राहिली.

त्या दिवसापासून तू सगळं दोनदा करायला लागलास. बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारलीस. बोल्ट आवळायचास, माझा हात थांबला की रेघ कुठं आली ते बघायचास. मग बोल्ट मागं घेऊन गाडी पुन्हा वाजू द्यायचास आणि पुन्हा पहिल्यापासून आवळायचास. दोन्ही वेळा रेघ एकाच जागी आली तरच चेकनट.

ह्यावरून आपली किती भांडणं झाली.

"एकदा झालं ना बराबर? मग दुसऱ्यांदा काहून?"

"चेनला बसू द्यावं लागतं."

"गेल्या महिन्यापर्यंत न्हाई लागत व्हतं."

"आता लागतं. तू तुझी ज्वारी बघ."

मला राग वेळेचा नव्हता, हे आता सांगते. मला वाटायचं, माझ्यामुळं तुझा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला. चूक तू केलीच नव्हतीस, पण केली असं मानून प्रत्येक काम दोनदा करत होतास. तू रेघ बघायला वाकलास की मला विंचू आठवायचा, आणि ते सांगता येत नाही म्हणून मी भांडायचे. माझ्या रागाची बहुतेक कारणं अशीच असतात. तुला ते ठाऊक होतं असं वैनी म्हणते.

काही महिन्यांनी डॉक्टरांची स्प्रिंग आली. मेव्हण्यानं पाठवलेली, तेलकट कागदात गुंडाळलेली. तू एका कापडावर स्प्रिंग ठेवलीस, शेजारी गाडीतून काढलेला बोल्ट ठेवलास. "बघा साहेब. ही आपोआप चालती, हिच्याकडं ध्यान द्यायची तकलीफ न्हाई. बोल्टाला दर महिन्याला यावं लागंल." डॉक्टरांनी दोन्ही हातात घेऊन पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या सुपाकडे. "बोल्टच राहू द्या," म्हणाले. "येत जाईन." त्यांनी असं का ठरवलं हे मला तेव्हा कळलं नाही. तू खूश झालास आणि वैनीला चहात दूध जास्त घालायला सांगितलंस.

परवा तुझ्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मंडळी गेली, वैनी आणि मी भांडी आवरत होतो. मी तिला सगळं सांगून टाकलं. विंचू, माझे थांबलेले हात, गप्प बसणं. ती परात घासत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "विंचवाचं तर त्यायला तवाच ठाव होतं."

"कवा?"

"गाडी परत आली त्याच सांजंला. अंगण झाडताना निंबाखाली मेलेला विंचू गावला. माझ्याकडं घेऊन आले, म्हणले, कमलच्या सुपातला असंल. अन् हसले. मी म्हणलं, हसता काहून, एवढी गाडी मोडली. तर म्हणले, हात माझा चुकला न्हाई अन् तिचाबी न्हाई."

वैनीनं परात पालथी घातली. "अन् म्हणले, आता दोनदा करीन. दोन विंचू काही एकाच जागी निघायचे न्हाईत."

दादा, मी भांडी तशीच ठेवून अंगणात जाऊन बसले. वाईट वाटून नाही. इतकी वर्षं मी ज्याला तुझ्या हातावरचा डाग समजत होते, तो माझ्यासाठी तू करून ठेवलेला बंदोबस्त होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर "चूक माझी" म्हणालास तेव्हा तुला सगळं माहीत होतं. माझ्यावर तू एकदाही रागावला नाहीस, काम सोडलं नाहीस, मला त्या दगडावरून उठवलंही नाहीस. फक्त कामाची रीत बदललीस. मला हे तू जिवंत असताना कळलं असतं तर मी भांडले नसते, आणि मग आपले रविवार जरा मिळमिळीतच झाले असते.

आज रविवार. सकाळी डॉक्टर गाडी घेऊन आले. बदलीचा हुकूम आलाय, परभणीला निघालेत. गाडी फुटाणे भाजत होती.

"सिस्टर, एवढी लावून द्या."

"मिस्त्री गेले, डॉक्टर."

"मी मयतीला होतो, मला माहीत आहे. पण सूप आहे ना तुमचं?"

त्यांनी गाडी कडुनिंबाखाली घेतली, नेहमीच्या जागी. "स्प्रिंग आली त्याच्या आधीपासून बघतोय," म्हणाले. "मिस्त्री तुमच्या हाताकडे बघायचे, म्हणून मीही बघायला लागलो."

"मग कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? गाडी चालत होती."

म्हणजे ज्यांच्यापासून लपवायला मी एक इंजिन मोडू दिलं, त्यांना पुढं कळलंच, आणि ते कळून चार वर्षं गाडी तुझ्याकडेच आणत राहिले. बाजारात काही झालं नाही. उगाच भीत होतो आपण दोघं. एवढं एकच तुझ्याशी भांडायचं राहिलं.

मी चौदाचा पाना काढला. पहिल्याच खेपेला सापडला. माझ्या दगडावर वैनी सूप घेऊन बसली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. चेकनट सैल केला आणि बोल्ट आत घेत गेले. तू म्हणायचास तसा तो बारीक आट्यांमुळं सावकाश जातो, हाताला कळतो. फुटाणे कमी झाले, मग थांबले. मी वर पाहिलं तर वैनीचाही हात थांबला होता. रेघ कुठं आली ते पाहून ठेवलं.

मग बोल्ट मागं घेतला. गाडी पुन्हा वाजायला लागली.

"काहून गं कमल?" वैनी म्हणाली. "झालं होतं की बराबर."

"चेनला बसू द्यावं लागतं," मी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून आवळायला घेतलं.

रेघ त्याच जागी आली. चेकनट मारला, दादा.